रेषेपलीकडचे सात

ग्रँट्स क्रॉसिंगबाहेरचं मोटेल, खोली क्रमांक नऊ
१४ सप्टेंबर

तीर्थस्वरूप मार्डेलताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा (वय चोपन्न) दंडवत. साष्टांगच घातला असता, पण आठही अंगं टेकवावीत असा या खोलीतला गालिचा नाही; तेव्हा पाच अंगं खुर्चीत ठेवून उरलेल्या तिन्हींनी लिहितो आहे. तुझा खुबा, वेन्डेलदाजींची कंबर आणि कोंबड्या यांचं कुशल कळव. इकडे आम्ही तिघं, म्हणजे मी, तुझी कन्या लॅनी आणि डीकन, ठीक आहोत. (हा क्रम वयाचा आहे. मानाचा लावला तर नेमका उलटा होईल. अंथरूण रोज ताजं मिळतं ते फक्त घोड्याला.)

पत्रास कारण एक अन्याय. गेल्या नाताळात तू मला स्वहस्ते विणलेला पिवळा स्वेटर दिलास. डाव्या बाहीत एक हात आणि थोडा शेजारी मावेल असा तो आहे, पण ऊब देतो आणि बहिणीने केलेला आहे. तो अंगात घालून मी मे महिन्यात पहिल्या दिवशी ट्रकमध्ये बसायला गेलो, तर तुझ्या लेकीने दार आतून लावून घेतलं. काच दोन बोटं खाली करून म्हणाली, "मामा, पिवळं घालून तू माझ्या ट्रकमध्ये बसणार नाहीस." मी म्हणालो, बाळ, रंगाचा आणि नशिबाचा कार्यकारणसंबंध आजवर कोणी सिद्ध केलेला नाही. ती म्हणाली, "सिद्ध नाही केला, कारण ज्यांनी घातलं ते सांगायला उरले नाहीत." स्वेटर जप्त झाला. पुढे तिने तो रोडिओत बैलांपुढे नाचणाऱ्या विदूषकाला देऊन टाकला. दुसऱ्याच दिवशी बैलाने त्याला कुंपणापलीकडे पोचवलं, आणि तो गृहस्थ लंगडत येऊन स्वेटर माझ्या मांडीवर ठेवून गेला. सध्या तो सुट्या चाकाखाली आहे. या विटंबनेची तू गंभीर दखल घ्यावीस.

आता बाकीचं. तू फोन उचलतेस आणि "हे घे" म्हणून तापल्या तव्यासारखा दाजींच्या हातात देतेस, आणि दाजींना हवामानाखेरीज काही विचारता येत नाही. म्हणून या मोसमाची हकीगत तुला लिहूनच कळवणं भाग आहे. मार्चमध्ये अंगणातल्या बर्फावर डीकन घसरला आणि तुला खाली घेऊन पडला, त्यात तुझा खुबा मोडला. दोष बर्फाचा होता, आणि आरोपी एप्रिलअखेर विरघळून फरार झाला. पण त्यामुळे लॅनीबरोबर जायला, ट्रक हाकायला आणि शेण उचलायला घरात एकच रिकामा माणूस उरला, तो मी. विद्यापीठात दोन वर्षं संस्कृत शिकून आलेल्या आणि मग जिल्ह्याच्या शाळेत लॅटिन, लॅटिन बंद झाल्यावर व्याकरण, आणि व्याकरणालाही ओहोटी लागल्यावर शाळेची बस असं चढत्या श्रेणीने काम केलेल्या माणसाला दुसरं काय सुचवणार? आपल्या सबंध परगण्यात माझ्या संस्कृतची आजवर कोणाला गरज पडली नव्हती. ती पडली, ते पुढे येईलच.

मुद्दा तुला ठाऊक आहेच, पण लिहिलेला बरा: लॅनीकडे आहे तो रोडिओत, म्हणजे या घोड्यांच्या जत्रेतल्या शर्यतींत, पळायचा कच्चा परवाना. या सप्टेंबरअखेर तिने ठरलेली बेरीज बक्षिसांत जिंकली, तर पक्कं कार्ड. नाही जिंकली तर पुढल्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. ती एकोणीस वर्षांची आहे, तिला पुढलं वर्ष आहे. डीकन सतरा वर्षांचा आहे, आणि घोड्यांत ते म्हातारपण.

पहिला रोडिओ आम्ही न पळताच हरलो, आणि तो सर्वस्वी माझ्यामुळे. संध्याकाळी सातला सुरुवात होती. आम्ही सहा वाजून वीस मिनिटांनी पोचलो. मी स्वतःवर इतका प्रसन्न होतो की वाटेत थांबून पाय मोकळे केले होते, पाय आणि दुकानातला शेवटचा सफरचंदाचा पाय, दोन्ही. फाटकावरच्या माणसाने आमच्याकडे असं बघितलं की जणू आम्ही वरात संपल्यावर आलेले वाजंत्री. पलीकडून कर्ण्यावर लॅनीचं नाव तिसऱ्यांदा पुकारलं गेलं आणि मग पुढच्या मुलीचं. ताई, तिथे सात वाजून गेले होते. वाटेत आम्ही ती रेषा ओलांडली होती, जिच्या पलीकडे घड्याळ एक तास पुढे असतं. परतीच्या एकशेविसाव्या मैलाला लॅनी म्हणाली, "मामा, त्या रेषेपासून नऊ मैलांवर तू अठ्ठावीस वर्षं शाळेत शिकवलंस." मी म्हणालो, हो, पण कायम अलीकडे. तेव्हापासून मी दोन घड्याळं घालतो, उजव्या हातात आपलं आणि डाव्या हातात त्यांचं, आणि किती वाजले असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, कोणाचे?

दुसऱ्या गावी वेळेवर पोचलो, तर डीकन बोळात शिरेना. मैदानाकडे जाणारा तो अरुंद बोळ, दोन्हीकडे लोखंडी गज, टोकाला उजेड आणि गोंगाट. आत तीन पिंपं, त्यांना वळसे घालून सतरा सेकंदांत परत, एवढंच काम. पण बोळाच्या तोंडाशी तुझ्या घोड्याने चारी पाय रोवले आणि तो इकडेतिकडे बघू लागला. कोणाला शोधतो ते मला कळलं, लॅनीलाही कळलं. नऊ वर्षं त्याचा लगाम धरून त्याला बोळातून तू नेत होतीस. मी ओढलं. त्याने मला ओढलं. फाटकवाला ओरडला, "ओ आजोबा, घोड्याला आत पाठवताय की घोडा तुम्हाला बाहेर?" (आजोबा! चोपन्नाव्या वर्षी!) त्या घाईत मला काय सुचावं? परीक्षेच्या हॉलबाहेर घाबरलो की मी जे पुटपुटायचो तेच तोंडातून निघालं, फक्त सौजन्य म्हणून नाम बदललं. त्याच्या कानाशी लागून मी सुरू केलं: अश्वः अश्वौ अश्वाः. कान हलला. अश्वम् अश्वौ अश्वान्. मान खाली आली. तृतीयेला त्याने सुस्कारा सोडला आणि चतुर्थीच्या एकवचनाला, अश्वाय म्हणताच, असा सुटला की माझी हॅट त्याच्याबरोबर पहिल्या पिंपापर्यंत गेली.

त्या दिवशी लॅनी नववी आली, बक्षीस आठांना होतं. पण माझी कीर्ती झाली. शार्लीन मॅकेब नावाची एक बाई या फिरतीवर आहे, वय बावन्न, तीस वर्षं पिंपांभोवती फिरते आहे आणि जिभेला लगाम नाही. ती दुसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, "काय मास्तर, काल घोड्याच्या कानात कुठल्या देवाला हाक मारत होता?" मी म्हणालो, देव कुठला नाही बाई, विभक्ती होत्या. "चालतील," ती म्हणाली, "माझ्या घोडीला पण जरा सांगून बघा. देवांचं ती ऐकत नाहीच." जुलैअखेर बोळाच्या तोंडाशी माझ्यापुढे चार घोडे रांगेत उभे असत. शाळेत पटावर तेवीस मुलं असूनही एवढं लक्षपूर्वक कोणी ऐकलं नव्हतं.

तू हसशील, पण अठ्ठावीस वर्षं मुलांना विवेक शिकवलेला मी हळूहळू या लोकांतला होत गेलो. खाटेवर हॅट ठेवू नये, हे मी मानत नाही; पण परवा खोली झाडायला आलेल्या बाईने माझी हॅट उचलून उशीवर ठेवली तेव्हा मी ज्या आवाजात ओरडलो तो आवाज तत्त्वज्ञाचा नव्हता. कोंबडीचंही तसंच. पळायच्या आदल्या दिवशी कोंबडी खायची नाही असा नियम आहे. मी म्हटलं, पळणार लॅनी, मी का उपाशी? आणि जूनमध्ये एका गावी गुपचूप तळलेल्या सहा तंगड्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी लॅनी सगळ्यांत वेगात होती, आणि दुसरं पिंप पडलं. पाच सेकंद दंड. पाच सेकंदांत इथे आयुष्य निघून जातं. मी रात्रभर सोसलं आणि सकाळी कबूल केलं. तिने विचारलं, "किती?" मी म्हणालो, सहा. ती म्हणाली, "सहा खाऊन एकच पिंप पडलं, म्हणजे स्वस्तात सुटलो." मग ती हसली, ताई. मोटेलच्या पायरीवर बसून, हातात थंड कॉफी घेऊन, अगदी तू हसायचीस तशी, नाक वर करून. मी तेव्हापासून अंडंसुद्धा खाल्लेलं नाही.

आणि त्यानंतर तिचं जमत गेलं. आधी सहावी, मग चौथी, मग पुन्हा काही नाही, मग ऑगस्टमध्ये एकदा दुसरी, शार्लीनच्या एक दशांश सेकंद मागे. (शार्लीन म्हणाली, "पोरी, पुढच्या वेळी मला हरवलंस तर जेवण मी देईन, आणि नाही हरवलंस तरी मीच देईन, तुझा मामा नुसत्या पावावर जगतोय.") काल रात्री इथे तिसऱ्या पिंपाला तिचा गुडघा लागला. पिंप डुललं. लॅनीने पळत्या घोड्यावरून हात मागे टाकला, पिंपाच्या काठाला तळवा लावला, पिंपाने जरा विचार केला आणि ते उभं राहिलं. तिसरी आली. आता बेरजेला फक्त एका बक्षिसाची कमतरता आहे आणि हातात एकच रोडिओ: कॉटनवूड बेंड, शनिवार, सत्तावीस तारीख.

एवंच, सर्व ठीक आहे. दाजींना नमस्कार. पत्राचं उत्तर लिहायचा त्रास घेऊ नकोस.

तुझा,
ऑर्विल

ता. क. स्वेटरबद्दलची तक्रार मी मागे घेतो. तो सुट्या चाकाखाली आहे तोवर ते चाक एकदाही लागलेलं नाही.

ता. क. २. वर लिहिलेल्या एका गोष्टीत मी सत्याला थोडं मागे ठेवलं. डीकनला माझ्या विभक्तींची गरज उरलेली नाही. दोन आठवड्यांपूर्वी मी शार्लीनच्या घोडीच्या षष्ठीत अडकलो होतो आणि लॅनीचं नाव पुकारलं गेलं. मी धावलो, पण डीकन बोळाच्या तोंडाशी थांबला, त्याने इकडेतिकडे बघितलं, मग लॅनी वाकून त्याच्या कानात काहीतरी म्हणाली आणि तो चालू लागला, एकटा, शहाण्यासारखा. नंतर मी विचारलं, कुठलं रूप म्हणालीस? ती म्हणाली, "तुझं काही नाही, मामा. आई म्हणायची तेच. चल रे म्हाताऱ्या, लवकर आटपू, घरी जाऊ." कालही तेच म्हणाली. मी आता बोळाशी नुसता उभा राहतो, हॅट हातात धरून.

ता. क. ३. तर मागणं असं. सत्तावीस तारखेला तू कॉटनवूड बेंडला ये. दाजींशी माझं बोलणं झालेलं आहे (हवामानावरून सुरू केलं), ते गाडीच्या मागच्या सीटवर उश्या टाकून आणतो म्हणतात. लगाम धरायला नको, काहीच करायला नको. बोळाशेजारी सावली आहे, तिथे मी तुझ्यासाठी घडीची खुर्ची मांडून ठेवीन, पाठीला उंच, हाताला दांडे असलेली. सात म्हणजे रेषेपलीकडचे सात, तेव्हा आपल्या घड्याळात सहा. माझ्यासारखं करू नका.

लॅनीला कार्ड मिळेल असं मला वाटतं. नाही मिळालं तरी ती पुढल्या वर्षी दुसऱ्या घोड्यावर मिळवील, हेही मला दिसतं. डीकनचे पाय थंड आहेत, म्हणजे सूज नाही, आणि तो खातोपितो. त्या दोघांची मला काळजी नाही. जुलैत नाल ठोकायला आम्ही घरी आलो होतो, तेव्हा डॉक्टरांनी तुला चालायला परवानगी दिलेली होती आणि तू काठी घेऊन टपालपेटीपर्यंत जात होतीस. तू लॅनीला जेवलीस का विचारलंस, मला माझं वजन विचारलंस. घोडा पन्नास पावलांवर उभा होता, त्याच्याबद्दल काही विचारलं नाहीस. स्वयंपाकघराच्या त्या बाजूच्या, अंगणात उघडणाऱ्या खिडकीचा पडदा ओढलेला होता. मार्चपासून ओढलेलाच आहे, लॅनी म्हणाली. ताई, मला तुझी काळजी वाटते. तो अजून ओढलेलाच आहे का?