घरचा दवाखाना

मंगळवार, १२ तारीख, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो आणि त्याच्याबरोबर तेही. हे, म्हणजे तुमचे बंधू, परवा पाळणा घेऊन आले. तो दारातून आत येईना, म्हणून सध्या व्हरांड्यात आहे.

तुम्ही माझ्यासाठी दवाखान्यावरची खोली रंगवून घेतलीत, पडदे बदललेत, असं कळलं. कशाला एवढा त्रास घेतलात? बाबा येईल-जाईल त्याला सांगतात, घरची डॉक्टर, घरचा दवाखाना, आणखी काय हवं? मी मान डोलावते.

ताई, गेल्या आठवड्यात मी मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आले. कुणाला न सांगता. तुमच्या हाताला गुण नाही म्हणून नव्हे, शपथ. अर्ध्या गावाची मुलं तुमच्याच हातावर जन्मलीत. बाकावर दाटीवाटीने बसले, नंबर आला. तिथल्या नर्सने मान वर न करता विचारलं, "आधीचं बाळंतपण?"

मी म्हटलं, "नाही. हे पहिलंच."

हो म्हटलं असतं, तर कुठे झालं ते विचारलं असतं. बाळाचं काय झालं, तेही. तुमचं नाव माझ्या तोंडून निघेना, आणि त्याचं तर नावच ठेवलं नव्हतं. तिने केसपेपर पुढे केला. मी तो तिथेच सोडून निघून आले.

घरी येऊन यांना सांगितलं. चिडले असते तर बरं झालं असतं. खाली बसले आणि एवढंच म्हणाले, "तू दुसरीकडे गेलीस, तर ताई परत उभी राहायची नाही."

खरंच आहे त्यांचं. त्या बाळंतपणानंतर दवाखाना बंद ठेवून तुम्ही माझ्या उशाशी बसून होतात. रडत तुम्हीच होतात, आणि समजूत मी काढत होते.

तर सोमवारी येते. दुसरं काही सुचतच नाही. एकच मागते. त्या दिवशी मी सांगितलं होतं, बाळ सकाळपासून हललेलं नाही. तुम्ही हसून म्हणालात, "झोपलं असेल गं." या वेळी मी तसं काही म्हणाले, तर हसू नका. मी उगाच घाबरले असं वाटलं तरी आधी ठोके बघा. मग हवं तेवढं बोला मला.

रागावू नका. राग आलाच, तर बाळंतपण होईपर्यंत मला दिसू देऊ नका.

तुमच्या हाती सोपवलेली,
वहिनी