टाकवली नाही

प्रिय संदीप,

हे पत्र मुकेशच्या हाती देते आहे. तो बंदरावर पोचला की आधी हे वाच, मग बोटीवर काय चढवायचं ते चढव. फोनवर बोलले असते, पण तुम्हा खलाशांत फोन एक आणि त्याच्याभोवती कान दहा. शिवाय तू सगळ्याला 'हो हो' म्हणतोस आणि फोन ठेवून देतोस. विचारायचं एकच आहे. शेठ बोटीवर नवी पेटी बसवणार होता, ती बसवली का? समुद्रातली आपल्या देशाची हद्द जवळ आली की लाल दिवा लावून ओरडणारी? केवढ्या खुशीत सांगितलं होतंस तू, की आता सुकाणूवर तांडेलचा डोळा लागला तरी पेटी जागी राहील. तुळशीचा नवरा असाच वाहवत हद्दीपलीकडे गेला, तो अजून तिकडच्या तुरुंगात आहे. हल्ली तुळशी बाजारात दिसली की मी वाट बदलते.

इकडे कैनाडला लावणी उरकली. वरच्या खाचरात पाणी ठरत नाही, पण रोप धरलं आहे. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे. माझ्याशी मात्र ती बोलत नाही. भाकरी पुढ्यात ठेवते आणि बाहेर जाऊन बसते. जिवली गंजाडला मावशीकडे गेली आहे. का, ते पुढे लिहिते. आधी पेटीचं.

तू मला नेहमी चिडवतोस की मी तलासरीला कंपनीत जाऊन दिवसभर पत्र्यावर चटणी फासते. तर ती चटणी म्हणजे कथलाची पेस्ट, सोल्डर पेस्ट. फ्रिजमधून काढली की झाकण न उघडता ठेवायची, थंडपणा गेला की मगच उघडायची, नाहीतर आत पाणी धरतं. एकदा उघडली की तिचं घड्याळ सुरू होतं. बारीक भोकांच्या पत्र्यातून ती सर्किटच्या पाटीवर उतरते, तिच्यावर मशीन बारके पार्ट बसवतं, मग पाटी भट्टीत जाते. हे सगळं वेळेत व्हावं लागतं. सकाळची नीरा उन्हं चढल्यावर नीरा राहत नाही, तसंच हे. पण नीरेचं जिभेला तरी कळतं. ही पेस्ट उघडी राहून बिघडली तर बघून कळेलच असं नाही. टाका वरून चकचकीत दिसतो, आतून कच्चा असतो. तपासणीत पास होतो आणि पुढे कधीतरी हादऱ्याने सुटतो. बोटीला हादरे किती बसतात ते तुला मी काय सांगू.

तर झालं असं. गेल्या पंधरवड्यात पार्ट बसवायचं मशीन अडकलं आणि दुपारभर लाईन बंद पडली. पत्र्यावरची पेस्ट तशीच उघडी राहिली. अशी पेस्ट खरवडून लाल झाकणाच्या डब्यात टाकायची, पुन्हा वापरायची नाही, हा नियम. आमच्यातल्या एका नव्या पोरीने ती खरवडली आणि नुकत्याच उघडलेल्या ताज्या डब्यात घालून छान ढवळली. मशीन सुरू झाल्यावर संध्याकाळपर्यंत तीच पेस्ट चालली. घरी येताना कंपनीच्या गाडीत तिने मला हे हसत सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं असणार. "एवढी चांगली होती, टाकवली नाही मला," म्हणाली. मला रागावताही येईना. उरलेलं नव्यात मिसळून संपवायचं, हे तर तिला घरीच शिकवलेलं.

त्या दिवशी लाईनवर बोटींच्या पेट्यांच्याच पाट्या होत्या. तू सांगितल्यापासून मी त्या जरा जास्तच जीव लावून करत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या गेल्या आमच्या लाईनच्या कविता मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी आवाज न चढवता लाईन थांबवली, पाट्या बाजूला काढल्या. पण एक खोकं पहाटेच्या गाडीने वापीला निघून गेलं होतं. पेट्यांत पाट्या तिथे बसवतात. मॅडमनी तिकडे कळवलं. बऱ्याच पाट्या परत आल्या, थोड्या आल्या नाहीत. त्या कुठल्या बंदरावर गेल्या, हे कोणाला विचारलं तरी धड उत्तर मिळत नाही. आणि तुमच्या बोटी आता पुनव झाली की सुटणार. माझं कशात म्हणून लक्ष लागत नाही.

पेटीच्या पाठीला पांढरी चिठ्ठी असते. तिच्यावरच्या नंबरात शेवटी इंग्रजी के, म्हणजे त्या दिवसाच्या मालाची खूण, असेल तर ती पेटी बदलून घ्या. तांडेलला दाखव. तो हसला तर हसू दे.

आता आई का बोलत नाही ते. ती नवी पोरगी म्हणजे आपली जिवली. तुझ्या बहिणीला तिथे मीच लावलं, आणि मॅडमनी कोणी मिसळली असं विचारलं तेव्हा नावही मीच सांगितलं. माहीत नाही म्हणता आलं असतं. जिवली समोर उभी होती, माझ्याकडे बघत होती, अजून तिला वाटत होतं की वहिनी सांभाळून घेईल. त्याच दिवशी तिला काढून टाकलं. मुकेश सांगेलच तुला, सुनेने नणंदेची नोकरी खाल्ली म्हणून. खरं आहे ते. तू समुद्रावर नसतास तर मी बोलले असते का, हे रोज स्वतःला विचारते आणि उत्तर द्यायचं टाळते. इतरांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे सगळं लिहिलं. आईच्या बाजूने बोललास तरी चालेल. माझ्यावर ओरडायला तरी घरी ये.

वाट बघणारी, तुझीच
दक्षा