अप्पांना कंठ फुटला

सरस्वतीपुरम्, म्हैसूर
गुरुवार, दुपार

तीर्थस्वरूप कुमुदक्का हिला शेषाद्रीचा साष्टांग नमस्कार.

(गुडघ्यामुळे हल्ली निम्माच नमस्कार होतो, उरलेला मनातून केला असं समज.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींची साखर? तुमच्या सागर गावाकडे यंदा सुपारी बरी उतरली असं ऐकलं, आनंद वाटला. आम्ही सगळे इकडे क्षेम, असं लिहायचं असतं. पण मंगळवारपासून या घरात क्षेम कशाला म्हणावं तेच मला कळेनासं झालंय. फोनच करणार होतो. पण अप्पांचं नाव काढलं की तुझ्या दारावर लगेच कुणीतरी येतं आणि तुला फोन ठेवावा लागतो. म्हणून पत्र, आजच्याच बसच्या ड्रायव्हरच्या हाती. बसून वाच, आणि हात असलेल्या खुर्चीत बस.

चार महिन्यांपूर्वी अप्पांना झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली, इथवर तुला ठाऊक आहे. (तू हॉस्पिटलात आलीस, दारातूनच बघितलंस आणि गेलीस. मी काही म्हणत नाही.) त्यांना समजतं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडकतो. ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं अख्खी शाळा गप्प व्हायची, ते पाण्यासाठी 'त... त...' करतात आणि मग भिंतीकडे तोंड फिरवतात. गेल्या महिन्यात तर जेवणावरची वासनाच उडाली. तुझी भावजय वनजाक्षी मऊ भात कालवून घास तोंडाशी नेते आणि ते ओठ घट्ट मिटून घेतात. मी भ्यालो, अक्का. माणूस असाच विझतो.

कुणीतरी म्हणालं, संगीतानं उपचार करतात, ते करून बघा. मी डेपोत तीस वर्षं बसगाड्या सोडलेला माणूस, मला त्यातलं काय कळणार? पाटी वाचली आणि घेऊन गेलो. 'नादवैद्य' अशी पाटी होती. आत रेशमी झब्ब्यातले एक गृहस्थ. त्यांनी अप्पांची नाडी बघितली नाही, रिपोर्ट बघितले नाहीत, जन्मनक्षत्र तेवढं विचारलं. मग झटक्यासाठी अमुक राग जेवणाआधी, तमुक राग जेवणानंतर असं चिठ्ठीवर लिहून दिलं. (माझ्या गुडघ्यासाठीही एक राग दिला, तो पावसाळ्यात ऐकायचा नाही म्हणे.) शेवटी अप्पांना चार मोठ्या स्पीकरांच्या मधोमध बसवून त्यांनी बटण दाबलं. अप्पांनी मिनिटभर सोसलं, मग डाव्या हातानं शेजारचा कॉफीचा पेला उचलला आणि शांतपणे त्या यंत्रात ओतला. चार महिन्यांतलं त्यांचं ते पहिलं स्पष्ट मत.

मग हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी मला झापलं. "पाटी बघून काय जाता? कुठं शिकलात, आधी कुणाला बरं केलंत, आमच्याशी बोलून काम कराल का, एवढं विचारता येत नाही?" त्यांनीच फिलोमिना पिंटो या मुलीचं नाव दिलं. मंगळूरची आहे, रीतसर शिकलेली. मंगळवारी सकाळी ती स्कूटरवरून आली, पाठीला गिटार. अप्पांनी गिटारकडे अशी नजर टाकली, की मी उगाचच सरळ उभा राहिलो. तिनं पहिलं काय विचारावं? "अठरा-वीस वर्षांचे असताना आजोबा काय गायचे?" मी आणि वनजाक्षी हसलोच. अप्पा आणि गाणं! ज्या घरात आरतीसुद्धा पाढ्यांसारखी म्हणायची, रेडिओवर फक्त बातम्या! ती म्हणाली, "ते मला ठरवू द्या." भजनं झाली, सिनेमाची झाली, अप्पा आढ्याकडे बघत राहिले. मग तिनं जुन्या नाटक कंपनीतली एक चाल छेडली.

आणि अक्का, अप्पा गायला लागले. 'त... त...' नाही, शब्द! स्वच्छ, सगळे, चारही कडवी! आणि बाईच्या आवाजात! भिंतीवरून उडी मारून आलेल्या नायकाला नायिकेची सखी छेडते, तुमचं धोतर भिंतीलाच राहिलं का हो, असलं ते गाणं. डावा हात गालाला, मान तिरकी, एक भुवई वर. मी खिडकीचा गज धरला. वनजाक्षीच्या हातची कोडबळ्यांची ताटली गेली आणि कोडबळी पलंगाखाली. फिलोमिना मात्र शांतपणे वाजवत राहिली, जणू सगळेच हेडमास्तर असे भुवया उडवतात.

मी ओरडलो, "अप्पा, हे तुम्ही शिकलात कुठं?" त्यांचं तोंड उघडलं, 'त... त...' झालं, मिटलं. ती म्हणाली, "बोलून नका विचारू हो, गाऊन विचारा. बोलण्याचा रस्ता बंद पडलाय, गाण्याचा उघडा आहे. तिकडून शब्द आणू." माझा आवाज तुला ठाऊक आहे. तरी गायलो, "कु-ठं शि-क-लात?" अप्पांनी वेदना झाल्यासारखे डोळे मिटले. पण फिलोमिनानं त्यांचा डावा हात मांडीवर ताल धरून थोपटला आणि त्याच चालीत उत्तर आलं, "कं-प-नीत."

"कसल्या कंपनीत?" वनजाक्षी म्हणाली. "औषधाच्या?"

"ना-ट-काच्या."

बुधवारी ती पुन्हा आली. दोन दिवसांत दोन-दोन शब्द जोडून जे बाहेर आलं ते असं. तरुणपणी अप्पा वर्षभर टायफॉईडनं नंजनगूडला मामाकडे पडून होते, हे आपण जन्मभर ऐकलं ना? टायफॉईड झालाच नव्हता. ते अकरा महिने कंपनीबरोबर गावोगाव हिंडत होते, साडी नेसून, सखी मंदारमाला होऊन. हासनला लोकांनी त्यांना तीनदा परत गायला लावलं. (हे सांगताना चेहरा बघायला हवा होतास.) शेवटी आजोबा काठी घेऊन आले आणि तोंडावरच्या रंगासकट त्यांना बसमधून घरी घेऊन गेले.

आता तुझ्या मनात काय आलं असेल ते मला माहीत आहे. माझ्याही आलं. तुझ्या कॉलेजच्या नाटकाच्या आदल्या दिवशी तालमीत शिरून, सगळ्यांदेखत तुला दंड धरून बाहेर ओढत, 'आपल्या घरात कुणी तोंडाला रंग लावत नाही' म्हणणारा माणूस हाच! मी चिडून विचारलं. (चिडून गाता येत नाही, अक्का. अंगाईसारखं होतं.) "कु-मु-दला का ओ-ढ-लंत?" अप्पांनी मांडीवर ताल धरला. डोळ्यांतून पाणी. मग म्हणाले, म्हणजे गायले, "काठी आठवली. भ्यालो."

एवढंच. फिलोमिनानं गिटार बाजूला ठेवली.

त्या दुपारी त्यांनी वाटीभर भात खाल्ला आणि वर 'मीठ क-मी' असं सुरात सुनावलं. वनजाक्षी म्हणते, चार महिने बरे होते, पण दार लावून रडलीही. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
शेषाद्री

ता. क. — खरं काम लिहायचं राहिलंच. त्या नाटकात एक सवाल-जवाब आहे. अप्पा सखीची ओळ गातात, थांबतात आणि नायकाच्या ओळीची वाट बघतात. ती मी म्हणून बघितली, त्यांनी माशी हाकलावी तसा हात केला. आज सकाळी पुन्हा थांबले आणि फिलोमिनानं न शिकवलेला शब्द गायले, "कु-मुद." रविवारी दहा वाजता ती येणार आहे. शनिवारच्या गाडीनं ये. नायकाच्या ओळी वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडल्या आहेत.

ता. क. दुसरा — तालमीची चुगली प्रिन्सिपॉलनी केली असं धरून तू त्या बिचाऱ्यांना ते जाईपर्यंत नमस्कार केला नाहीस. चुगली मी केली होती. अकरा वर्षांचा होतो, तू मला तालमीला नेलं नाहीस म्हणून. अप्पांना हे माहीत आहे, आणि ते रोज एकेक शब्द वाढवतायत, म्हणून मीच आधी लिहिलं. आल्यावर आधी त्यांच्याशी गा, मग माझ्याशी भांड. भांडण मात्र बोलूनच कर.