गव्याचं कार्ड

३ मार्च १९८१

आज जिराफ आला! सोबत पाणघोडा आणि पेंग्विन. पुण्याची कंपनी दर महिन्याला व्ही.पी.नं पाकीट पाठवते, पोस्टमनला पैसे देऊन सोडवायचं — कार्डाच्या पुढं प्राण्याचा फोटो, मागं माहिती. शेजारच्या चाँदबीला जिराफ दाखवला. म्हणाली, "ह्याला तालमीची जर्सी शिवायची तर नुसत्या गळ्यालाच ठाण लागंल की!" मशीन थांबवून हसले. तालमींच्या फुटबॉल संघांच्या जर्स्या शिवूनच तर पोट चालतं.

पाकिटात चिठ्ठी आहे — पुढच्या वेळी आपल्या जंगलातले प्राणी. गवा असणारच.

५ मार्च

जेवताना सासूबाईंना, आमच्या आत्याबाईंना, सांगितलं. त्यांनी ताट सरकवलं. "माझ्या लेकाला मारणारं जनावर घरात आणतीस? चित्र बी न्हाई आणायचं!"

चित्र शिंग मारत नाही, म्हटलं मी. बोलून गेले. पण खरं तेच.

दोन वर्षं झाली. दाजीपूरच्या रानात ह्यांचा ट्रक बंद पडला. इंजिनासाठी पाणी आणायला ओढ्याकडे गेले, गव्यानं पाडलं. सगळे म्हणतात, नशीब. नशिबाला शिंगं असतात होय! ते जनावर माणसावर का येतं, ते मला वाचायचंय. किराण्याच्या पुड्यांवरून एकटी वाचायला शिकले, एवढं कार्ड वाचता येईलच.

३० मार्च

पोस्टमन गल्लीत दिसला की पाय मशीनवर थांबतो.

४ एप्रिल

तालमीत जर्स्या द्यायला गेले, तेवढ्यात पाकीट येऊन गेलं! आत्याबाईंनी परत पाठवलं. चाँदबीनं सांगितलं म्हणून कळलं. आणि कंपनीचा नियम असा, की एक पाकीट परत गेलं की नाव कमी.

तशीच पोस्टात गेले. खिडकीतला कारकून म्हणाला, "बाई, घरच्यांनी नकार दिलाय."

"पाकिटावर नाव कुणाचं?"

"तुमचं."

"मग नकार मी द्यायचा. दिलाय का?"

रांगेतला एक पैलवान ओरडला, "द्या की सायेब, न्हाईतर बाई खिडकीतनं आत येतील!"

मिळालं. तिथल्याच बाकावर फोडलं. गवा! काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. मागं वाचलं — एरवी माणसाची चाहूल लागली की निघून जातो. पण व्यालेली मादी वासरू गवतात लपवते, आणि जवळ येईल त्याच्यावर धावते.

परत वाचलं. मग घरी आले.

५ एप्रिल

ह्यांच्या ट्रकवरचा क्लीनर केरबा, ह्यांना वस्ताद म्हणायचा — त्याला बोलावून घेतलं. सरळच विचारलं, वासरू होतं का रे तिथं?

खाली बघत म्हणाला, "हुतं वहिनी. गवतात बसलंतं. वस्तादांचा पाय तिथंच पडला. सांगून माणूस माघारी येतंय व्हय? म्हणून बोललो न्हाई."

चहा न घेताच गेला. आत्याबाई दाराआड उभ्या होत्या, सगळं ऐकलं त्यांनी.

६ एप्रिल

पहाटे आत्याबाईंनी कार्ड मागून घेतलं. चुलीपुढं धरलं. गेलं आता, वाटलं — पण उजेडासाठी धरलं होतं. बराच वेळ बघत राहिल्या.

"ओली बाळंतीण हुती म्हण की, बाई."