आर्गिरिस झोपत नाही

अथेन्स, ४ ऑगस्ट १९८४

ती. स्व. सासूबाईंना,
कलिरोईचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं आणि डोकंच फिरलं. सहा वर्षांचं पोर मध्यरात्री चौकात आईस्क्रीम खातंय आणि तुम्ही ते कौतुकानं कळवता! आर्गिरिस बालवाडीत बाकावर डोकं ठेवून घोरायचा आणि बाई मला सुनावायच्या. सप्टेंबरात तो पहिलीत जाईल. इथेही मी रात्री खानावळीतल्या कामावरून येईपर्यंत हा टक्क जागा. शेजारच्या काकींनी तर हात टेकले.

तेव्हा दुपारची झोप बंद. नऊला अंथरुणात. जमत नसेल तर त्याला घेऊन जाते, पुढच्या उन्हाळ्यात पाठवणार नाही. तुमचा मुलगा बोटीवर मजेत, निस्तरायचं मी.

लोभ आहेच, पण सध्या राग जास्त आहे.
कलिरोई

लेस्वोस, १३ ऑगस्ट

चि. सौ. कलिरोईस अ. उ. आशीर्वाद.

तुझा हुकूम पाळला. दुपारी गाव दारंखिडक्या लावून झोपतं, त्या वेळी तुझं रत्न देवळाच्या भिंतीवर चेंडू बडवत होतं. पाद्रीबाबा बनियनवरच बाहेर आले. समोरची मारिगो मला म्हणाली की एवढं वय झालं तरी एक पोर आवरत नाही. आता माझ्याकडे कॉफीला कुणी फिरकत नाही. तुझं समाधान झालं असेल.

आणि एवढं करून नऊला झोपला का? छे! पेंगतो, कलंडतो, पुन्हा उठून बसतो. काल वैतागून विचारलं की बाबा रे, कुणाची राखण करतोयस. तर म्हणाला, आई कामावरून आल्याशिवाय झोपायचं नसतं, ती एकटीच जेवते. मी म्हटलं, ती इथे येणार नाहीये. तर म्हणाला, तिथे तर येईल ना.

मला रडू आलं बाई. न्यायचं तर ने त्याला. मी काय बोलू?

तुझी सासू,
एवांथिया

अथेन्स, २० ऑगस्ट

ती. स्व. आईंना सा. न.

राग अजून आहे, पण कुणावर काढू ते कळत नाही. मला वाटायचं, पोरगं हट्टी आहे.

खानावळीच्या मालकाकडे दिवसाची पाळी मागितली. तो हसला, तेव्हा ॲप्रन त्याच्या टेबलावर टाकून आले. एक तारखेपासून कोपऱ्यावरच्या बेकरीत कामाला जाईन, शाळा सुटायच्या आत घरी. तोवर आर्गिरिस तुमच्याकडेच राहू दे, आणि दुपारी खुशाल झोपवा. मारिगोबाईंना माझ्या वतीनं दोन शब्द ऐकवा, मग माफी मागा.

कालपासून मी लवकर जेवतेय. नऊ वाजले की त्याला सांगा, आई घरी आली, पोटभर जेवली, आता तूही झोप.

तुमची,
कलिरोई