इद्दत संपायच्या आदल्या संध्याकाळी

ता. ९, शुक्रवार

प्रिय भाईजान,

अस्सलामु अलैकुम. तू सुखरूप पोचलास हे भाभीच्या फोनवरून कळलं. तिच्या गुडघ्याचं कसं आहे? धाकटीचा पुढचा दात पडला म्हणे, आणि ती म्हणते फुफू नवा बसवील. तिला सांग, तुझ्या अब्बूची ही बहीण फक्त म्हाताऱ्यांच्या कवळ्या करते. तिचा दात अल्लाच देईल, आणि तोही फुकट.

माझं ठीक आहे. तलाकनंतरच्या त्या तीनेक महिन्यांत, इद्दतीत, बाहेर पडायचं नाही म्हणून दातांच्या डॉक्टरांनी साचे घरी पाठवायला सुरुवात केली होती, ती सोय अजून चालू आहे. मागच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, मेण आणि ओळीने मांडलेल्या कवळ्या. हे म्हणतात, बिनडोक्याची माणसं हसत बसलीत. खुशीत असले की असलं बोलतात. सध्या ते खुशीत आहेत, तुझ्या कृपेने.

बघ, गुडघा झाला, दात झाला, आता मुद्द्यावर येते.

यांनी तलाक रागात दिला, पण दिला रीतसर. एकदाच म्हणाले. काझीसाहेबांनी समजावलं होतं की इद्दत संपेपर्यंत मी याच घरात राहायचं, खर्च यांनी करायचा, आणि तेवढ्यात यांनी मला परत घेतलं तर लग्न जसंच्या तसं. नाही घेतलं, तर मी मोकळी. तुम्ही सगळे तेव्हा माझी कीव करत होतात. भाभी फोनवर रडायची. आणि मी, भाईजान, त्या दिवसांत पोटभर जेवत होते. कितीतरी वर्षांनी गाढ झोपत होते.

हे गाडी शिकवतात ना, त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो घरीही असतो. मी कुठे निघाले, काही बोलायला गेले, कोणाशी हसले, की दाबलाच. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, म्हणून कोणाला सांगायचीही सोय नाही. इद्दतीत त्यांनी पहिल्यांदा पाय उचलला होता.

आणि इद्दत संपायच्या आदल्या संध्याकाळी तू आलास. मी आत दुसऱ्यांचे दात करत होते आणि तू बाहेरच्या खोलीत माझ्यासाठी दातांच्या कण्या करत होतास. इमामसाहेबांना आणि शेजारच्या मास्तरांना साक्षीला तूच घेऊन आलास. हे म्हणाले, "बरं, घेतली परत." संपलं. यात माझी संमती लागत नाही, हे मला ठाऊक होतं. पण तुलाही ती लागली नाही, याचा मला राग आला. अजून आहे.

तू हाक मारलीस, "बाहेर ये गं, तुझं घर वाचलं." मी मेणाच्या हातांनी दारात उभी राहिले. माझी दातखीळ बसली. तुझे डोळे भरून आले होते, आणि अब्बा गेल्यापासून तुला इतकं हलकं झालेलं मी पाहिलं नव्हतं. मग मी हसले. त्या कवळ्यांसारखी.

आता तू म्हणशील, झालं गेलं विसरून जा. पण यांच्या हातात तीनपैकी दोन तलाक उरलेत, आणि ते जपून वापरतील, कारण माझ्याशिवाय घर चालत नाही हे एव्हाना कळलंय.

परवा मी काझीसाहेबांकडे गेले. म्हणाले, बायकोलाही सुटका मागता येते, त्याला खुला म्हणतात, तो माग. नवऱ्याने लग्नात दिलेला मेहर परत दे, त्याने मान्य केलं तर सुटका. नाहीच मानला तर माझ्याकडे ये, मग दोन्हीकडचा एकेक माणूस बसवून ऐकू. नांदवायचं तर नीट नांदवावं, सोडायचं तर नीट सोडावं, असंही म्हणाले. मेहरच्या बांगड्या काढून मी रुमालात बांधल्या. नक्षी तूच पसंत केली होतीस, वाईट वाटलं.

रात्री जेवताना यांना विचारलं. चिडले नाहीत. पाणी प्यायले आणि म्हणाले, "मी कुठे अडवतोय? पण त्या संध्याकाळी तुझ्या भावाला शब्द दिलाय, तुला कधी सोडणार नाही. मोडू कसा?"

भाईजान, त्यांच्या पायाशी आता तुझाच ब्रेक आहे.

कवळी तयार झाली की डॉक्टरांना छान दिसते, घरच्यांना छान दिसते. टोचते की नाही हे फक्त जिच्या तोंडात आहे ती सांगते. म्हणून सांगते आहे. टोचते. फार टोचते.

तू ये. साक्षीला तेच दोघे आण, त्याच खोलीत बस आणि यांना सांग की दिलेला शब्द तू परत करतोयस. पण त्याआधी आत, मागच्या खोलीत ये आणि एकदा मला विचार. लग्नाच्या वेळी तरी माझी कबुली घेतली होतीत.

भाभीला सलाम, धाकटीला पापा.

वाट पाहणारी, अजून नांदत असलेली,
तुझी बहीण