माझ्या नावावर काहीच नाही

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०
नवीन वही. नवीन आयुष्य.
काल धम्मरत्नला कामावरून काढलं. माझ्या इंटरनेटच्या धंद्यात दहा वर्षं टेक्निकल माणूस म्हणून होता. शेवटी डोक्यावर बसला. मोताळ्याच्या ऑफिसात, चार गिऱ्हाइकांसमोर मला म्हणाला, भाऊ, तुमच्या घरच्या कॉम्प्युटरातूनच साऱ्या दुनियेले कचरा मेल जाऊन राह्यले, रोज तक्रारी येतात, एक तं थो साफ करून घ्या नाही तं लाइन तोडू द्या. माझ्या घरातून कचरा! मी म्हटलं, चालता हो बे. तो चालता झाला. चाव्या, शिडी आणि वायरीचा चिमटा जागेवर ठेवून गेला. याला धड भांडतासुद्धा येत नाही.
संकल्प: १) टेक्निकल सगळं स्वतः शिकणार. पंधरा दिवस पुरेत. २) तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. ३) राग बंद.

त्याच दिवशी, दुपारी
खर्रा: एक. रागामुळे.

५ फेब्रुवारी, बुधवार
अकोल्याच्या ज्या कंपनीकडून आपण मोठी लाइन घेतो तिथून फोन. एक कालचा पोरगा मला शिकवत होता. म्हणाला, आम्ही मशिनरी बदलतोय, २८ तारखेच्या आत तुमच्या नंबरांचं संमतीपत्र पाठवा, नाही तर तुमचे नंबर पुढे जाणार नाहीत. म्हणजे मोताळा आणि चौदा गावं, नऊशे कनेक्शन, ठप्प.
नंबर म्हणजे इंटरनेटचे नंबर. शेताला गट नंबर असतो तसा लाइनीला नंबर. आपल्याकडे २५६ आहेत, तेच नऊशे कनेक्शनांत वाटून वापरतो. त्यांचा सातबारा दिल्लीच्या रजिस्ट्रीत. त्यात मालक म्हणून एक संस्था लिहिलेली असते आणि तिच्या खाली संपर्काची माणसं. एक कारभाराला, एक टेक्निकलला, एक तक्रारींना. संमती या लोकांनीच द्यायची.
मी म्हटलं, मालक बोलतोय, घे संमती. तो म्हणाला, सर, रेकॉर्डवर तुमचं नाव दिसत नाही. मी म्हटलं, माझं नाव कुठंच दिसत नाही, तीच तर माझी हुशारी आहे. फोन कट झाला. मीच केला असं समजू.

६ फेब्रुवारी, गुरुवार
हुशारीबद्दल लिहून ठेवतो. म्हातारपणी वाचायला बरं.
आमचे वडील म्हणत, नावावर आलं की अंगावर येतं. मी ते पाळलं. शेत आईच्या नावावर, म्हणजे सत्यभामाबाईच्या. घर बायकोच्या, म्हणजे पुष्पाच्या. ट्रॅक्टर, मोटरसायकल आणि माझं सिमकार्ड मेहुण्याच्या, पंजाबरावच्या. ऑफिसचं भाडेपत्र आईच्या. इन्कम टॅक्सवाले, कोर्टवाले, ग्राहक मंचवाले, कोणीही येऊ द्या. रंगराव नावाचा माणूस त्यांना कागदावर सापडणारच नाही. मोताळा तालुक्यात एवढं डोकं दुसऱ्या कोणाचं चालतं, दाखवा.
खर्रा: दोन. विचारामुळे.

८ फेब्रुवारी, शनिवार
रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर तीन तास. पासवर्ड विसरलात का, असं तिनेच विचारलं. हो म्हटलं. नवीन पासवर्डाची लिंक पाठवली म्हणाली. कुठे? धम्मरत्नच्या मेलवर. माझा धंदा, माझे नंबर आणि चावी त्या माणसाच्या खिशात. हा कट आहे. दहा वर्षांपासून शिजत होता. मला वास येत होता, पण मी पडलो भोळा.

९ फेब्रुवारी, रविवार
धम्मरत्नचा फोन. म्हणाला, भाऊ, लिंक माह्यापाशी आली, तुम्हीच मांगतली ना? संमतीपत्रही पाठवून देतो मी, लोकाईचं काऊन बंद पाडता. फक्त तुमच्या घरचा थो कॉम्प्युटर तेवढा बंद करा, त्याच्यापायी आपले सारे नंबर बदनाम होऊन राह्यले.
पाहा! अट घातली. मालकाला अट! मी त्याला असं सुनावलं की पुन्हा या जन्मात फोन करणार नाही. घरातल्या कॉम्प्युटरवर मी फुकट पत्रिका पाहतो, फुकट सिनेमे उतरवतो, यात कचरा कुठून आला? पुष्पा म्हणाली, फुकटच आहे थे, कचराच असन. हिला कोणी विचारलं होतं?
तीनही संपर्कांच्या जागी आता एकच नाव लागणार. माझं. वडिलांचा नियम यापुरता बाजूला.

१० फेब्रुवारी, सोमवार
रजिस्ट्रीला कडक पत्र. फेरफार त्वरित करावा, अन्यथा गंभीर परिणाम होतील. खाली सही, गोल शिक्का, चौकोनी शिक्का. मालकीचा पुरावा म्हणून उद्घाटनाच्या फ्लेक्सचा फोटो जोडला. हारासकट मी उभा आहे, खाली फूटभर अक्षरात ‘संचालक रंगराव’. याहून मोठा पुरावा अख्ख्या जिल्ह्यात कोणाकडे असेल?
आपल्याला तलाठी कळतात. दिल्लीचा तलाठी थोडा मोठा, एवढाच फरक.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ११
उत्तर आलं. इंग्रजी होतं, दोनदा वाचलं, मग फोन केला. तिथली मॅडम गोड बोलत होती, तेव्हाच ओळखलं की काम होणार नाही. म्हणाली, सर, आपका नाम न संपर्क में है, न संस्था में. मी म्हटलं, संस्था माझीच आहे. ती म्हणाली, संस्था तो महामाया सर्व्हिसेस है, वडनेर भोलजी. रेकॉर्ड सबके लिए खुला है, आप भी देख लीजिए.
पाहिलं. खरं आहे.
महामाया म्हणजे धम्मरत्नची बायको. वडनेर भोलजीला ई-सेवा केंद्र चालवते. माझे २५६ नंबर दहा वर्षं एका बाईच्या नावावर, आणि मला पत्ता नाही! दरोडा. भरदिवसा दरोडा.
खर्रा: मोजले नाहीत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
पंजाबरावला बोलावलं. तालुक्याच्या कोर्टात त्याच्या ओळखी आहेत, म्हणजे तिथल्या चहावाल्याशी. त्याला म्हटलं, नवराबायको दोघांना आत टाकायचं. त्याने विचारलं, भावजी, तुमच्यापाशी कागद कोणता आहे? मी म्हटलं, कागद ठेवायला मी काय मूर्ख आहे?
तेवढ्यात पुष्पा ट्रंकेतून फाइल घेऊन आली. तिला सगळं सांभाळून ठेवायची वाईट खोड आहे. फाइलीत २०१५ सालचा स्टॅम्पपेपर. अक्षर माझं. मजकूर असा: ‘सदर नंबर, त्यांची नोंद व त्यातून उद्भवणारी कोणतीही जबाबदारी यांच्याशी माझा काडीचाही संबंध नाही. नोंद महामाया सर्व्हिसेसच्या नावे करण्यास माझी हरकत नाही.’ सही रंगराव. सहीखाली दोन टिंबं, माझ्या सवयीची.
आठवलं. तेव्हा रजिस्ट्रीला पॅनकार्ड लागत होतं. धम्मरत्न पाच वेळा म्हणाला होता, भाऊ, तुमच्याच नावावर करा. मीच म्हटलं होतं, माझ्या नाही, तुझ्या घरच्या कोणाच्या कर. ‘काडीचाही’ हा शब्द माझा. तेव्हा फार आवडला होता.
पंजाबराव कागद वाचून हसला. ट्रॅक्टर त्याच्या नावावर आहे हे ध्यानात घेऊन मीही हसलो.

१७ फेब्रुवारी, सोमवार
नवा मास्टर प्लॅन. खड्ड्यात गेले ते २५६. स्वतःच्या नावावर कोरे करकरीत नंबर घेणार. मग त्या नवराबायकोला त्यांचे जुने नंबर लोणच्यात घालू दे.

२० फेब्रुवारी, गुरुवार
नव्या नंबरांसाठी लागणारे कागद: धंद्याची नोंदणी, जागेचा पुरावा, वीजबिल, मालकाच्या नावाचा मोबाइल.
नोंदणी केलीच नव्हती. जागेचं भाडेपत्र आईच्या नावावर. वीजबिल पुष्पाच्या. मोबाइलवर कोड आला, पण नाव पंजाबराव निघालं. आईकडे गेलो, म्हटलं, भाडेपत्र माझ्या नावावर करून दे. आई म्हणाली, काऊन बापा, तुह्या बापानं काय सांगतलं होतं? आणि पुन्हा गवारीच्या शेंगा मोडायला लागली.
दिवसभर फिरून एक कळलं. मी आहे हे सिद्ध करणारा एकमेव कागद म्हणजे तो स्टॅम्पपेपर. त्यात लिहिलंय की माझा संबंध नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार
गिऱ्हाइकांना कुणकुण लागली. सूतगिरणीचा निवृत्ती ऑफिसात येऊन म्हणाला, रंगराव, २८ ले बंद पडून राह्यलं म्हणते, धम्मरत्न कुठी आहे? सकाळपासून अकरा जणांनी हेच विचारलं. एकानेही मी कुठे आहे असं विचारलं नाही. मी समोरच बसलो होतो म्हणून असेल.
अकोल्याच्या पोराला फोन करून मुदत वाढवून मागितली. नाही म्हणाला. आवाजात मजा घेत होता.
आज बसून राहिलो आणि भीती वाटली. हे कोणासाठी लिहीत नाही, म्हणून लिहितो. नऊशे घरं गेली तर मी मोताळ्यात कोण? आईच्या शेताशेजारून जाणारा एक माणूस.

२३ फेब्रुवारी, रविवार
वडनेर भोलजीला गेलो. पंजाबरावच्या मोटरसायकलवर. माफी मागायला नाही, परिस्थितीची पाहणी करायला.
दहा वर्षांत त्याच्या घरी पहिल्यांदा गेलो. तो आमच्याकडे यायचा तेव्हा ओट्यावर बसायचा, त्याला चहा वेगळ्या कपात मिळायचा. कपांचं पुष्पा पाहते, मला त्यातलं काही माहीत नाही. इथे मला आत खुर्ची दिली. महामायाबाईंनी चहा आणला. म्हणाल्या, घ्या रंगरावभाऊ, आमच्या घरी कप सारे सारखेच राह्यतात. यातून त्यांना काय सांगायचं होतं कळलं नाही. चहा बरा होता.
मी स्टॅम्पपेपर काढला, म्हटलं, हा फाडून टाकू. बाईंनी ड्रॉवरमधून त्याची झेरॉक्स काढली. लॅमिनेट केलेली. म्हणाल्या, भाऊ, दरसाल रजिस्ट्रीचं विचारणं येते, माणसं हीच आहेत का म्हणून. दहा वर्षं मी दर वेळी उत्तर देल्लं. तक्रारी आल्या तं आमच्या यायनं रातदिवस पाह्यल्या. तुम्ही यायले चार लोकाईत बे म्हणून काढलं. आता तुम्हीच सांगा, मालक कोण आहे?
धम्मरत्न जमिनीकडे पाहत होता. मला वाटलं तो मध्ये पडेल. पडला नाही. दहा वर्षांत या माणसाचा मला पहिल्यांदा खरा राग आला, आणि तो काढायला जागा नव्हती.

२६ फेब्रुवारी, बुधवार
वाटाघाटी पूर्ण. मी ताणून धरलं. शेवटी त्यांना माझं बरंच ऐकावं लागलं.
ठरलं ते असं. संमतीपत्र महामाया सर्व्हिसेस देईल. गिऱ्हाइकांची पावती यापुढे त्यांच्या नावाने. ऑफिसचा फ्लेक्स उतरवायचा. टेक्निकल धम्मरत्न, कारभार महामायाबाई. आणि मी अडून बसलो म्हणून तिसऱ्या जागी माझं नाव, देशाच्या रेकॉर्डवर, कायमचं. बाईंनी लगेच हो म्हटलं, एवढी त्यांची गरज होती. फॉर्म त्यांनीच भरला. मला फक्त सही मागितली. मी केली, खाली दोन टिंबं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. सायंकाळी ५
एकही लाइन बंद पडली नाही. निवृत्ती पेढे घेऊन आला, धम्मरत्नला दिले. मलाही एक मिळाला.
रेकॉर्ड उघडून पाहिलं. सगळ्या जगाला दिसतं. तक्रारींसाठी संपर्क: रंगराव, मोताळा. पुष्पाला दाखवलं, आईला दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव कुठेतरी लागलं. डोळे भरून आले, खोटं कशाला लिहू.
खर्रा: एक. आनंदाचा.

१ मार्च, शनिवार. सकाळी ७
रात्रीतून त्रेसष्ट तक्रारी. जर्मनी, ब्राझील, जपान. सगळ्या माझ्या नावाने, आदरणीय रंगराव. जगातून कोणालाही आपल्या नंबरांचा त्रास झाला की त्याने मला लिहायचं आणि मी चोवीस तासांत उत्तर द्यायचं, अशी ही जागा आहे. धम्मरत्न दहा वर्षं हे करत होता, कधी बोलला नाही. एकदाच बोलला.
त्रेसष्टच्या त्रेसष्ट एकाच नंबराबद्दल. नंबर शोधला. आमचं घर, मधली खोली.

त्याच दिवशी, १०.३०
नियमाप्रमाणे लाइन तोडायला निघालो. शिडी घेतली, चिमटा घेतला. पुष्पा दारात उभी. म्हणाली, घर माह्यं, बिल माह्यं, कनेक्शन माह्या नावावर, तुम्ही कोण तोडणार? मी म्हटलं, तक्रारींसाठी संपर्क. ती म्हणाली, मंग संपर्क करा.
कनेक्शनधारकाची लेखी संमती लागते. अर्ज लिहून दिला, सही केली. विचार करून सोमवारी सांगते म्हणाली.